बंदुकीचं कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे सांगून ठेवलंय. हे सांगणाऱ्याच्या माळ्यावर गंजकी बंदूक सापडली नसणार. सापडली असती तर यादीत तिसरं नाव आलंच असतं. ऋषीच्या कुळावरून निदान सख्खे चुलतभाऊ एकमेकांशी अबोला धरत नाहीत.

जुन्या घरात काय काय सापडतं. तांब्याचं भांडं सापडलं तर कल्हईवाला आता कुठे मिळतो यावर चर्चा होते. पोथी सापडली तर ती झटकून, कपाळाला लावून, होती तिथेच परत ठेवतात. जमिनीचा कागद सापडला तर तो ज्याला सापडतो तो कुणाला सांगत नाही. पण बंदूक सापडली की घराला एकदम इतिहास सापडतो. आपले पूर्वज लढले होते याबद्दल मराठी घरात शंका नसतेच, पुरावा तेवढा हाती लागायचा बाकी असतो. ज्या पणजोबांनी जन्मभर ओटीवर बसून भाताच्या खंड्या मोजल्या, अंधारात परसात जायला ज्यांना सोबत लागायची, त्यांच्या फोटोसमोर उभं राहून माणसं म्हणायला लागतात, "डोळ्यांतली जरब बघा!"

आमच्या मूळ घरी, सिंधुदुर्गातल्या एका वाडीत, हा प्रसंग कौलं उतरवून पत्रे घालताना आला. चुलीच्या वरच्या माळ्यावर, भिंत आणि वासा यांच्या बेचक्यात, घोंगडीच्या चिंध्यांत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं गड्याच्या हाताला लागलं. त्यानं वरूनच विचारलं, "ह्यो पायप भंगारात टाकू काय?" थोरले काका 'टाक' म्हणायला तोंड उघडतात तोवर घोंगडी सुटली आणि पायपाला दोन तोंडं, दोन घोडे आणि दोन चाप निघाले. काकांनी उघडलेलं तोंड तसंच ठेवून दोन्ही हात वर केले. बंदूक झेलण्यासाठी की शरण जाण्यासाठी, हे अजून नक्की झालेलं नाही.

बंदूक हातात आली की मराठी माणूस पहिल्यांदा तिच्या नळीला डोळा लावतो. आत काय असेल ते बघायला. आत काय असू शकेल याचा विचार त्यानंतर. काकांनी लावला, चुलतभावानं लावला, गड्यानं लावला, दूध घालायला आलेल्या बाईनं किटली खाली ठेवून लावला. दोन नळ्या असल्यामुळे कुणाचा खोळंबाही झाला नाही. शेवटी शेजारचे एक गृहस्थ आले. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, म्हणजे माकडं आणि डुकरं यांच्याशी त्यांचा अधिकृत पत्रव्यवहार आहे. ते अंगणाच्या कडेलाच थांबले आणि ओरडले, "अरे, तेच्या तोंडार उभे रवा नको!"

त्यांचं म्हणणं खरं होतं. ठासणीच्या बंदुकीची दारू म्हणजे ७५ टक्के शोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. यातलं काहीही नासत नाही, आंबत नाही, त्याला बुरशी येत नाही. कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही ती पहिल्या दिवसाइतकीच तापट असते. त्यात ही बंदूक भरायची तोंडाकडून. आधी दारू, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि हे सगळं गजानं ठासायचं. एवढं होईपर्यंत डुक्कर नाचणीत थांबून राहत नाही, म्हणून लोक बंदूक आधीच भरून ठेवत. आणि भरलेली बंदूक रिकामी करण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ती उडवणं. त्यामुळे ज्यांनी ती उडवली नाही त्यांनी ती तशीच ठेवली, आणि पुढे ते स्वतःच राहिले नाहीत. जुनी ठासणीची बंदूक सापडली की ती भरलेलीच आहे असं धरून चालावं, हा नियम त्यातूनच आलेला आहे.

तपासायची रीत साधी आहे. लाकडी गज नळीत शेवटपर्यंत सारायचा, तोंडाशी खूण करायची, मग बाहेर काढून तोच गज नळीला बाहेरून लावून बघायचा. घोड्याच्या जवळपास पोचला तर नळी रिकामी. अलीकडेच थांबला तर आत कुणीतरी आहे. उजवी नळी रिकामी निघाली. डाव्या नळीत गज तीन बोटं कमी पडला आणि आमची ओटी तेवढ्याच वेगानं रिकामी झाली. नळीत पाणी ओतून ती रात्रभर भिजत ठेवल्यावर सकाळी कुंभारीण माशीचं मातीचं घर बाहेर आलं. काकांची यावर थोडी निराशाच झाली. रात्रभरात त्यांनी त्या तीन बोटांत इंग्रजांसाठी राखून ठेवलेली गोळी बघितली होती.

इथून पुढे बंदुकीची ओळख पटवण्याचं काम सुरू झालं. ओळख पटवणं म्हणजे प्रत्येकानं आपापली ओळख तिच्यावर लादणं. काका म्हणाले, पेशव्यांच्या काळातली. हे ते जुन्या अडकित्त्याबद्दलही म्हणतात, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पण ते पुढे म्हणाले, "पुण्याच्या केळकर संग्रहालयात अगदी अशीच आहे." हे वाक्य महाराष्ट्रात कुठल्याही जुन्या वस्तूबद्दल कुणीही म्हणू शकतो. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा करून १९७५ साली सरकारला देऊन टाकलेल्या त्या संग्रहात दिवे, दौती, वाद्यं, अडकित्ते आणि हत्यारं इतकी आहेत की आपल्या घरातल्या कशासारखं तरी तिथे असतंच. फक्त 'आपली जरा जास्त चांगली आहे' हे पुढचं वाक्य काका घरी आल्यावर जोडतात.

धाकट्या वहिनी रसायनशास्त्र शिकवतात. त्यांना पेशव्यांबद्दल आदर आहे, पण गंजाबद्दल जिव्हाळा. त्यांनी भिंग आणलं आणि दोन्ही घोड्यांखालची इवलीशी बोंडं काकांना दाखवली. त्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की आतला स्फोटक थर पेटतो आणि ठिणगी आत दारूपर्यंत जाते. दिवाळीतली टिकली याच तत्त्वावर फुटते. त्याआधीच्या बंदुका तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीच्या, किंवा चकमकीच्या. चकमकीच्या बंदुकीत ठिणगी पडून आधी बाहेरच्या पाळ्यातली दारू भपकन पेटायची आणि मग आतली. तो भपका पाहून बदकं बार पोचायच्या आत उडून जायची. याचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला झाला असेल, तर स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या धर्मोपदेशकाला. बदकं निसटतात म्हणून या पाद्रीबाबांनी आपटून पेटणारी दारू वापरायची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. पुढच्या सगळ्या लढायांमध्ये माणसं ज्या बंदुकांनी मेली त्यांच्या मुळाशी एका धर्मोपदेशकाची आणि बदकांची ही कुरबुर आहे. तांब्याची टोपी त्यानंतर, १८२० च्या आसपास प्रचारात आली.

"आणि पेशवाई?" वहिनींनी विचारलं.

"१८१८," काका म्हणाले. ओटीवर शांतता पसरली. पण ती फार टिकली नाही. "पेशवाई संपली, पण पेशवे होते की! दुसरा बाजीराव बिठूरला १८५१ पर्यंत होता. आठ लाख पेन्शन होती. एक बंदूक त्याला जड होती का?"

या युक्तिवादाला मी मनापासून दाद देतो. बिठूरहून आमच्या वाडीत बंदूक कशी आली हे विचारण्यात अर्थ नव्हता, कारण तेही त्यांच्याजवळ तयार असणार. आत्याच्या यजमानांनी मात्र तेवढ्यात दुसरा पक्ष मांडला. त्यांचं घराणं सावंतवाडीकडचं. त्यामुळे त्यांच्या मते ही १८४४ च्या बंडातली, जेव्हा कोल्हापूरचे गडकरी उठले आणि सावंतवाडीच्या मुलखातही उठाव झाला. तारखा जुळत होत्या, टोप्या जुळत होत्या. फक्त त्यांच्या बाजूची बंदूक आमच्या बाजूच्या माळ्यावर का, हा प्रश्न होता. त्याचं उत्तर "हुंड्यात" असं आल्यावर आत्या उठून आत गेली.

बोअरवरूनही असाच घोळ झाला. बारा बोअर म्हणजे बारा गोळ्या, असं एक मत पडलं. पुतण्याचं मत बारा मिलिमीटर. खरा हिशेब कुणाला सुचणार नाही इतका इंग्रजी आहे. नळीत बरोबर बसतील अशा शिशाच्या गोल गोळ्या करायच्या. एका पौंडात अशा बारा बसल्या की ती नळी बारा बोअरची, सुमारे साडेअठरा मिलिमीटर. सोळा बसल्या तर सोळा बोअर, म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. हे ऐकून काका बराच वेळ गप्प होते. आकडा जितका मोठा तितकी वस्तू लहान, हा व्यवहार त्यांनी फक्त पगारवाढीच्या पत्रात पाहिलेला होता.

मग भिंगाखाली, दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर, गंजातून अक्षरं वर आली. लंडन. घरात एकदम उजाडलं. आता बाजीरावही नको आणि सावंतवाडीही नको. मुंबईच्या गव्हर्नरानं पणजोबांना खूश होऊन दिली, असं ठरायला चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. गव्हर्नर कशावर खूश झाला, हे चहानंतर ठरवायचं होतं.

वहिनींनी चहाही घेतला नाही. नळी लाकडापासून सोडवली आणि तिच्या पोटाखालचा भाग भिंगाखाली धरला. बंदुकीचं खरं नाव तिच्या दर्शनी भागावर कधीच नसतं, खाली असतं. बंदूक विकायच्या आधी सरकारी परीक्षागृहात तिच्यात जास्तीची दारू घालून ती उडवून बघतात. फुटली नाही तर तिच्यावर ठसा मारतात. लंडनमध्ये हे काम १६३७ साली सनद मिळालेली बंदूककारांची कंपनी बघते, बर्मिंगहॅममध्ये १८१३ पासून स्वतंत्र परीक्षागृह आहे, आणि दोघांचेही ठसे मुकुटाचे. आमच्या नळीवर मुकुट नव्हता. होता तो एक छोटा लंबगोल, त्यात ई, एल, जी ही तीन अक्षरं आणि खाली एक तारा. हा ठसा लिएझचा. बेल्जियमच्या लिएझ शहरात नेपोलियनच्या १८१० च्या हुकुमानं बंदुकांची परीक्षा सक्तीची झाली, तेव्हापासूनचा. १८९३ साली त्या लंबगोलाच्या डोक्यावर मुकुट चढला. आमचा बोडका, म्हणजे त्याच्या आधीचा.

लिएझ हे एकोणिसाव्या शतकात जगभराला स्वस्त बंदुका पुरवणारं गाव. एकाच्या घरी नळी, दुसऱ्याच्या घरी चाप-घोडे, तिसऱ्याच्या घरी दस्ता, असा तो खेडोपाडी पसरलेला धंदा होता. ज्या देशातल्या गिऱ्हाइकाला जे नाव आवडे ते नाव ते पट्टीवर घालून देत. लंडनला भाव होता, म्हणून लंडन. हे ऐकून आमच्या वाडीत कुणालाही धक्का बसला नाही. एप्रिलमध्ये मुंबईच्या बाजारात 'देवगड हापूस' छापलेल्या पेट्यांतून कर्नाटकातला आंबा विकला जातो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. काकांना तेवढं वाईट वाटलं. गव्हर्नर गेला, आणि बेल्जियमच्या कुठल्याही माणसानं पणजोबांवर खूश व्हावं असं कारण त्यांना सुचेना.

दस्त्याचं तर आणखीच वेगळं. मूळचं अक्रोडाचं लाकूड मनगटाच्या जागी मोडलेलं होतं. ठासणीच्या बंदुका हमखास तिथेच मोडतात. त्याला गावच्या सुतारानं पिवळ्याधमक फणसाचा तुकडा जोडून वर पितळी पत्रा ठोकला होता. लंडनचं नाव, बेल्जियमची नळी आणि परसातला फणस. माझ्या मते त्या बंदुकीतली बघण्यासारखी गोष्ट हा फणसच आहे. तो जोड इतका चोख बसलाय की लिएझच्या ठशाशेजारी आमच्या सुताराचा एक ठसा हवा होता.

कुळाचा निकाल मात्र वेगळ्याच बाजूनं लागला. ही सगळी खलबतं चालू असताना पलीकडच्या घरातले नव्वदीचे आबा काठी टेकत येऊन पायरीवर बसले होते. बेल्जियमचं नाव निघालं तसे ते बोलले. "खंयचो पेशवो नि खंयचो बेल्जम! तुमच्या पणज्यान काळोखात डुकर म्हणान बार काढल्यान नि आमचो रेडो मारल्यान." पंच बसले तेव्हा पणजोबांनी 'माझ्याकडे बंदूकच नाय' असं देवासमोर सांगितलं आणि बंदूक त्या दिवसापासून नाहीशी झाली, हे आबांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलं होतं. रेडा पाचव्या वर्षातला होता, नांगर एकटा ओढायचा, असंही त्यांनी सांगितलं. रेड्याबद्दलची त्यांची माहिती आमच्या पणजोबांबद्दलच्या आमच्या माहितीपेक्षा कितीतरी भक्कम होती.

काकांनी या साक्षीला ऐकीव म्हणून बाद केलं. पेशव्यांच्या बाबतीत त्यांनी हा नियम लावला नव्हता.

तोवर वहिनींनी विचारलं, "पोलिसांत कळवलंत का?" नव्हतं कळवलं. सापडलेली बंदूक घरात ठेवून इतिहासाचं संशोधन करत बसणं हा संशोधनाचा कालावधी वाढवायचा चांगला मार्ग आहे, पण तो बऱ्याचदा गजांआड पूर्ण होतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. त्याच कायद्याच्या ४५ व्या कलमात सवलतही आहे. जुन्या, कालबाह्य धाटणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, पण दुरुस्ती करूनही किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा हत्याराला कायदा लागू नाही. वाक्य नीट वाचावं. जुनी असणं पुरेसं नाही, ती कायमची कामातून गेलेली असावी लागते. आणि ती गेली आहे हे आपण ठरवायचं नसतं.

काकांची इथे पंचाईत झाली. तोवर त्यांनी अख्ख्या वाडीला सांगितलं होतं की दोन थेंब तेल सोडलं तर आजही पहिल्या बाराला पन्नास पावलांवरचा नारळ उतरेल. ठाण्याच्या बाकावर बसल्यावर त्यांना उलटी बाजू मांडायची होती. "साहेब, काही राहिलं नाही हो तिच्यात. सगळं सडलंय. माझ्या गुडघ्यांपेक्षा वाईट अवस्था." सोबत गेलेल्या पुतण्यानं मधेच "पण काका, नारळ..." म्हटलं आणि त्याला बाहेर शहाळं प्यायला पाठवण्यात आलं.

हवालदार सज्जन होते. सिंधुदुर्गात दर निवडणुकीला परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर परत जातात. त्यामुळे बंदूक बघून ते दचकत नाहीत, पावती बघून दचकतात. त्यांनी सवयीनं विचारलं, "काकानू, इलेक्शनाक जमा केल्लास काय?" काका म्हणाले, "आम्हालाच माहीत नव्हती." हवालदारांनी हिशेब केला. म्हणजे १९५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून ही बाहेरच राहिली होती. पंचनाम्यात तिचं वर्णन 'दोन नळ्यांची, जीर्ण, दस्त्यास फणसाचे लाकूड' असं झालं. फणस सरकारी कागदावर आला याचा मला आनंद झाला. पुढे जाणकारांनी बघितली. बोंडं गंजून बुजलेली, नळीचा मागचा भाग आतून खाल्लेला, एक कमान तुटलेली. वापरता येण्यासारखी नाही असा कागद मिळाला आणि बंदूक घरी आली. काकांनी तो कागद कपाटात ठेवला आणि ओटीवर येऊन नारळाचं अंतर साठ पावलं केलं.

ठाण्यातली माणसं घर बघायला आली त्या दिवशीची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या ओटीवर सांबराची शिंगं होती, त्यांच्यावर छत्र्या टांगत. बंदुकीच्या कागदांत कुणीच शिंगांचा विचार केला नव्हता. वन्यजीव कायदा १९७२ चा, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा पुराणवस्तू कायदाही १९७२ चाच. १९७२ म्हटलं की महाराष्ट्राला दुष्काळ आठवतो, आमच्या भिंतीला हे दोन कायदे. जीप वळणावर दिसली तशी आत्यानं छत्र्यांसकट शिंगं उतरवून पदराखाली घेतली आणि पाहुणे जाईपर्यंत ती अवघडून बसून राहिली. हवालदारांनी तिला संधिवाताचं एक तेल सुचवलं. शिंगांचे कागद शोधायचं काम नंतर सुरू झालं, ते अजून चालू आहे.

पुराणवस्तू कायद्यामुळे आणखी एक भांडण वाचलं. न्यू जर्सीच्या भावाला बंदूक त्याच्या तळघरात, बारच्या वर लावायची होती. शंभरी उलटलेली वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, हे कळल्यावर त्यानं उपदेशावर भागवलं. २०१४ सालच्या नोव्हेंबरात नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात जुनिपरच्या झाडाला टेकून ठेवलेली एक विंचेस्टर रायफल सापडली, तिची हकीगत त्यानं कळवली. १८७३ चं मॉडेल, क्रमांकावरून १८८२ साली कारखान्यातून निघालेली. दस्त्याचं टोक मातीत रुतलेलं, जणू मालक आत्ता येतो म्हणून गेला. कोडी गावच्या इस्पितळात 'रायफल' असं पेशंटचं नाव लिहून तिचा एक्स-रे काढला, तेव्हा दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस निघालं. तिथल्या लोकांनी तिला घासलं नाही, पुसलं नाही, होती त्या स्थितीत टिकेल एवढंच केलं आणि उद्यानातच मांडून ठेवली. ती कुणाची, तिथे का, हे कळलं नाही, आणि तसंच त्यांनी लोकांना सांगून टाकलं. हे शेवटचं वाचून काका म्हणाले, "पणजोबा नसले की असं होतं."

'घासलं नाही' हे आमच्याकडे कुणाला पटेना. गंज दिसला की मराठी हात शिवशिवतात. कुणी चिंच सुचवली, कुणी घासलेट, कुणी विटकरीचा चुरा आणि काथ्या. चुलतभाऊ तर गॅरेजमधून तारेच्या चाकाचा ग्राइंडर घेऊन आला आणि त्यानं वायर प्लगमध्ये घातली. वहिनींनी मेन स्विच बंद केला. त्यांचं म्हणणं असं की एकोणिसाव्या शतकात नळ्यांना तपकिरी रंग यावा म्हणून कारागीर त्या मुद्दाम गंजवत, थांबवत, पुन्हा गंजवत. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, डाग देऊन नळी केलेली असेल तर तिच्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते आणि ती त्या तपकिरीतच दिसते. तांबडा, भुसभुशीत गंज वाईट. खालचा काळा, घट्ट बसलेला थर त्या नळीचं अंगावरचं कातडं. ग्राइंडरला यातला फरक कळत नाही, आणि तो चालवणाऱ्याला कळला असता तर त्यानं ग्राइंडर आणला नसता.

मग हलकं तेल लावून ठेवायचं, अगदी बारीक स्टील वूलनं दाब न देता फिरवायचं, पुसायचं, पुन्हा तेल. जिथे तांबडं सुटतच नव्हतं तिथे वहिनींनी हिरड्याचा काढा लावला. हिरड्यातलं टॅनिन गंजाला धरून काळं पडतं. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपल्याकडे होतीच. शेवटी मेणाचा हात. लाटा दिसल्या तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, "मी हेच म्हणत होतो."

राहिला प्रश्न लावायची कुठे. पुण्याच्या फ्लॅटवाल्यांनी आपापल्या टीव्हीच्या वरची जागा देऊ केली. काका म्हणाले, बंदूक घर सोडणार नाही. ओटीवर लावावी तर पावसाळ्यात आमच्याकडे हवा पिळून बादली भरता येते, वर समुद्राचा खारा वारा. लोखंडाला यापेक्षा वाईट मुक्काम मिळणार नाही. वहिनींना विचारलं तर त्यांनी छताकडे बोट केलं. इतकी वर्षं ती टिकली ती चुलीच्या वर होती म्हणून. धुरानं अंगावर काजळी धरली, उबेनं ओल जवळ येऊ दिली नाही. बंदूक ठेवायला घरातली सगळ्यात उत्तम जागा तीच, फक्त तिथे ती कुणाला दिसत नाही. काकांनी हा सल्ला पणजोबांच्या बाजूचा समजून नाकारला. शेवटी माजघराच्या आतल्या भिंतीवर, जिथे ओल चढत नाही, दोन लाकडी खुंट्यांना चामड्याचा तुकडा लावून ती आडवी टेकवली. खिळा नाही, तार नाही. तार नळीवर ओरखडे काढते.

दसऱ्याला आत्यानं तिच्यावर ओल्या हळदकुंकवाची पाच बोटं उमटवली. वहिनींनी दुपारी ती पुसून पुन्हा मेण लावलं. संध्याकाळी आत्यानं पुन्हा उमटवली.

खाली पाटी लावायची होती. काकांचा पहिला मसुदा 'आमच्या पराक्रमी पूर्वजांची शिकारी बंदूक, लंडन' असा होता. वहिनींनी लंडन खोडून लिएझ केलं आणि काळ घातला. पुतण्यानं 'पराक्रमी'पुढे प्रश्नचिन्ह काढलं, ते काकांनी खोडलं. फणस राहावा हा माझा आग्रह मान्य झाला. पाटी रंगवून आली: 'ठासणीची दुनळी बंदूक. लिएझ, बेल्जियम. १८९३ पूर्वी. दस्ता फणसाचा, स्थानिक काम. पराक्रमी पूर्वजांकडून.'

त्याच संध्याकाळी आबा सोनं द्यायला आले. त्यांना पाटी वाचून दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, पुन्हा एकदा वाचायला लावली, आणि आपट्याचं पान काकांच्या हातावर ठेवत म्हणाले, "ह्या सोना घेवा. नि आमच्या रेड्याचा काय ता कधी?"